८०० चा मागचा व्हील सिलेंडर घरी बदलायचाय? आधी पाइपच्या नटाकडे बघा

आमची मारुती ८०० आहे ९८ सालची, कार्ब्युरेटरवाली. चिपळूणच्या पावसात वर्षाचे चार महिने काढते, त्यामुळे तिच्या बुडाखालच्या प्रत्येक नटाशी माझं एकदा तरी भांडण झालेलं आहे. मागच्या दोन्ही चाकांचे व्हील सिलेंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचे लायनर चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून टेकवणारे छोटे सिलेंडर) मी घरीच बदलले. डावा केला तेव्हा अख्खा रविवार गेला आणि वर एक ब्रेक पाइप वाया गेला, उजवा मात्र चहाच्या दोन फेऱ्यांत झाला. व्हिडिओत सगळे सिलेंडर कसा बसवायचा ते मन लावून दाखवतात, पण अहो सिलेंडर बसवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, दोन तर बोल्ट असतात त्याला. खरं काम म्हणजे जुन्या ब्रेक पाइपचा नट कोपरे न मारता सोडवणं आणि शेवटी एअर, म्हणजे पाइपात शिरलेली हवा, धीराने काढणं. म्हणून मी त्या दोनच गोष्टींवर जास्त बोलणार आहे, बाकीचं भरभर.

आधी दुखणं नक्की तेच आहे का ते बघा. बोनेट उघडून मास्टर सिलेंडरवरच्या (पेडल दाबलं की ऑइल चारही चाकांकडे ढकलणारा मुख्य सिलेंडर) डब्यातली ब्रेक ऑइलची लेव्हल पाहायची. लायनर आणि पॅड झिजतात तशी लेव्हल वर्षभरात थोडी उतरतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण भरून ठेवली आणि पंधरा दिवसांत परत उतरली तर कुठेतरी गळतंय. मग मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला, टायरवर किंवा ड्रमच्या मागच्या पत्र्यावर खालच्या अंगाला ओला ओघळ दिसतो का बघा. बोट लावा. ब्रेक ऑइल पातळ, बुळबुळीत असतं आणि पाण्याने धुतलं की हात साफ होतो. ८०० पुढच्या चाकांवर चालते म्हणजे मागे गिअर ऑइल नसतंच, त्यामुळे मागच्या चाकात पातळ काही गळत असेल तर ते ब्रेक ऑइलच. ओमनी, ॲम्बेसेडर किंवा जीपवाल्यांनी मात्र थांबून वास घ्यावा, कारण त्यांच्या मागच्या ॲक्सलमध्ये गिअर ऑइल असतं, ॲक्सलचा सील गेला की तेसुद्धा ड्रममध्ये येतं, ते जाड, काळपट आणि गंधकासारखा उग्र वास मारणारं असतं, आणि तिथे सिलेंडर बदलून काही उपयोग नाही.

दुसरा प्रकार म्हणजे गळत काहीच नाही पण पिस्टन जाम झालाय. गाडी पावसाळाभर उभी राहिली की हे हमखास होतं. ब्रेक मारल्यावर मागचं एकच चाक काम करतं, किंवा एक ड्रम थोडं चालवल्यावर हात लावता येणार नाही इतका तापतो. पण हँडब्रेकची केबल गंजून अडकली तरी ड्रम असाच तापतो, म्हणून आधी केबल मोकळी आहे का ते बघून घ्या, उगाच ड्रम उघडायला नको. आणि हो, कोकणात गाडी जास्त दिवस उभी ठेवताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाका आणि चाकाला उटी लावा, म्हणजे चाक सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा.

हा सिलेंडर खराब का होतो तेही दोन ओळीत सांगतो. आत काही फार नसतं, एक लोखंडी नळकांडं, त्यात दोन टोकांना दोन पिस्टन, प्रत्येक पिस्टनच्या मागे एक रबरी कप, मधे स्प्रिंग, दोन्ही तोंडांवर धुळीची रबरी टोपी, आणि मागून एअर काढायचा निप्पल. पेडल दाबलं की ऑइल मधे घुसतं, पिस्टन दोन्हीकडे सरकतात आणि लायनर ड्रमला टेकतात. आता हे ब्रेक ऑइल म्हणजे खरं तेल नव्हे, ते हवेतली ओल पीत राहतं, डॉट ३ आणि डॉट ४ हे त्याचे दोन्ही प्रकार. ती ओल आतून लोखंडाला गंज चढवते, बोअरमध्ये टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि मग तो नाजूक कप त्या खड्ड्यांवरून रोज हजार वेळा घासून कापला जातो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला म्हणतात. बदलतो कोण? मीही बदलत नव्हतो. नव्या डॉट ३ चा उकळबिंदू कमीत कमी २०५ अंश सेल्सिअस असतो, ओल प्यायल्यावर तो १४० पर्यंत खाली येऊ शकतो, डॉट ४ चा २३० वरून १५५ पर्यंत. कुंभार्ली घाट भरल्या गाडीने ब्रेकवर उतरणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवा, ऑइल उकळलं की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ फळीला टेकतं.

आता किट टाकायचं का अख्खा सिलेंडर बदलायचा, यावर दर मेकॅनिकचं मत वेगळं. किट म्हणजे नुसते कप आणि टोप्या, स्वस्तात पडतं. बोअर आरशासारखा गुळगुळीत असेल तर किट चालतं, माझं काही म्हणणं नाही. पण नख फिरवल्यावर कुठे अडकलं, किंवा तपकिरी डाग पॉलिश पेपरने जात नाहीत, तर ते किट सहा महिन्यांत परत रडायला लागणार, आणि परत तोच ड्रम, तोच नट, तीच एअर. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत मी तरी अख्खाच घालतो, आणि दोन्ही बाजूंना घालतो. एक गेला म्हणजे दुसराही त्याच वयाचा, त्याच ओलीतला आहे. सिलेंडर घेताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगा आणि शक्य असेल तर जुना काढून हातात घेऊन जा, बोअरचा व्यास तोच पाहिजे, कमी-जास्त झाला तर ब्रेक मागे-पुढे नीट वाटला जात नाही. पुण्यात असाल तर नाना पेठेत एक चक्कर मारली की हे सगळं एका गल्लीत मिळतं, आमच्याकडे सांगून ठेवावं लागतं आणि दोन दिवस वाट बघावी लागते. पॅकिंग नीट बघा, होलोग्राम बिलोग्राम, कारण ब्रेकमध्ये नकली माल म्हणजे स्वस्तात महाग.

सामान काय लागेल. दोन सिलेंडर, लायनरचा सेट (सिलेंडर गळला असेल तर लायनर ऑइलने भिजलेले असणारच, ते धुऊन, उन्हात ठेवून, गॅसवर भाजून काही परत येत नाहीत, हे प्रयोग मी केलेत), नवीन स्प्लिट पिना, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, गंज सोडवायचा स्प्रे, थोडं जास्त उष्णता सोसणारं ग्रीस, तारेचा ब्रश, निप्पलवर बसेल अशी पारदर्शक नळी आणि एक रिकामी बाटली. हत्यारांत नेहमीचे पाने, गोट्या (सॉकेट पाने), पकड, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, टॉर्क रेंच कुणाकडून तरी मागून आणा. जॅकच्या जोडीला भक्कम घोडी (उचललेली गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) पाहिजेच, नुसत्या गाडीच्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका. विटा तर अजिबात नको, वीट फुटते तेव्हा सांगून फुटत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं हत्यार, फ्लेअर नट पाना. हा दिसायला रिंग पान्यासारखा असतो पण एका बाजूला पाइप जाईल एवढी फट असते, त्यामुळे नटाला पाच बाजूंनी धरतो. साधा डी पाना (दोन्ही टोकांना उघड्या तोंडाचा) फक्त दोन बाजूंनी धरतो, ब्रेक पाइपचा नट मऊ आणि वर गंजलेला, जोर दिला की कोपरे गोल. माझ्या गाडीत हा नट १० चा आहे आणि निप्पल ८ चा. १० चा एक फ्लेअर पाना विकत घ्या, तो एका नव्या पाइपच्या आणि एका रविवारच्या मानाने स्वस्तच आहे. मी तेव्हा घेतला नव्हता.

कामाच्या आदल्या रात्री एकच करायचं, चाकामागे आडवं होऊन पाइपचा नट आणि निप्पल तारेच्या ब्रशने घासायचे, गंज सोडवायचा स्प्रे मारायचा आणि झोपायचं. सकाळी परत एकदा मारायचा. स्प्रे बाहेरच्या बाजूलाच राहू द्या, रबरी होसवर उडाला तर पुसून घ्या.

दुसऱ्या दिवशी गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये. पुढची चाकं इंजिनला जोडलेली आहेत म्हणून गिअर टाकला की ती धरली जातात, शिवाय दोन्ही पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी. हँडब्रेक मात्र पूर्ण सोडलेला हवा, नाहीतर ड्रम निघणार नाही. चाकाचे चारही नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा. मग जॅक, मग घोडी, मग चाक काढायचं, आणि काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवायचं, घोडी घसरलीच तर गाडी चाकावर बसेल, तुमच्यावर नाही.

आता थांबा. ड्रमला हात लावायच्या आधी पाइपचा नट सोडवून बघायचा. नुसता ढिला करून परत हलका आवळून ठेवायचा. यात हुशारी अशी की सिलेंडर अजून पत्र्याला पक्का बसलेला आहे, त्यामुळे जोर लावायला आधार मिळतो, आणि नट सुटलाच नाही तर गाडी अजून चालू स्थितीत आहे, गॅरेजपर्यंत नेता येते. मी उलटं केलं होतं, सगळं उघडून बसलो, लायनर काढले, सिलेंडरचे बोल्ट काढले आणि मग लक्षात आलं की नट फिरतोय पण त्याच्याबरोबर पाइपही फिरतोय, जिलबीसारखा. नट पाइपवर गंजून एक झाला होता. असं दिसलं की ताबडतोब थांबायचं. परत आवळायच्या दिशेने किंचित, परत सोडायच्या दिशेने किंचित, स्प्रे, पाच मिनिटं थांबा, परत. हातोडीने पान्याला हलक्या टिचक्या मारा, एकदम जोर नको. एवढं करूनही पाइप पिळतच असेल तर पाइप गेला असं समजून नवीनच घ्या, पिळलेला पाइप परत सरळ करून वापरू नका. ब्लो टॉर्च वगैरे काही जण लावतात, मी म्हणतो सिलेंडरमध्ये ऑइल आहे, शेजारी रबर आहे, वरती पेट्रोलची टाकी आहे, राहू द्या.

नट सुटला? मग अर्धं काम झालं. निप्पल नवीन सिलेंडरबरोबर नवीन येतो, त्यामुळे जुना तुटला तरी तुटू दे. त्याची काळजी फक्त किटवाल्यांनी करायची.

ड्रम काढताना ८०० मध्ये एक गोष्ट वेगळी आहे, बऱ्याच गाड्यांत ड्रम नुसता स्टडवरून ओढला की येतो, इथे मागचे बेअरिंग ड्रमच्या आतच बसलेले असतात. म्हणजे मधली पत्र्याची टोपी स्क्रू ड्रायव्हरने आजूबाजूने थोडी थोडी उचकटून काढायची, स्प्लिट पिन सरळ करून ओढायची, मग तो खाचांचा मोठा नट काढायचा. हा नट खूप घट्ट असतो, त्याला मोठा जोर लावायचा तो गाडी घोडीवर डगमगते आहे का याचं भान ठेवून. नटामागचा वॉशर कुठल्या तोंडाने होता ते लक्षात ठेवा. मग ड्रम ओढायचा. नाही आला तर दोन कारणं, एक तर ड्रमच्या आत झिजून कडेला ओठ तयार झालाय आणि लायनर त्यात अडकलेत, किंवा ड्रम नुसता गंजलाय. मागच्या पत्र्यावर एक रबरी बूच असतं, ते काढून आत स्क्रू ड्रायव्हर घातला आणि हँडब्रेकच्या लिव्हरला अडवणारी लायनरची स्प्रिंग आत ढकलली की लायनर थोडे जवळ येतात, ड्रम मोकळा होतो. पुलर असेल तर उत्तम. नसेल तर गावठी उपाय, चाक परत ड्रमवर लावा, नट हातानेच दोन-तीन आटे फिरवा आणि चाक दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे हिसडा द्या. चाकाच्या वजनाने ड्रम येतो. हे करताना घोडी आणि उट्या परत एकदा तपासा, आणि ड्रमच्या कडेवर हातोडा मारू नका, बीड आहे ते, कपचा उडतो.

उघडल्यावर काळा भुगा दिसेल. फुंकू नका, हवेच्या पाइपने तर मुळीच उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो श्वासात जायला नको. खाली ट्रे ठेवून ब्रेक क्लीनर मारून ओला करून धुऊन घ्या, मास्क लावा. डिझेल-रॉकेलने धुवायची आपल्याकडे फार सवय आहे, माझ्याच गाडीत एका गॅरेजवाल्याने सिलेंडरचे कप डिझेलमध्ये धुऊन बसवले होते, महिन्याभरात ते फुगून लाडवासारखे झाले. ब्रेकच्या रबराला खनिज तेल चालत नाही, पेट्रोल नाही, डिझेल नाही, ग्रीसही साधं नाही. रबराला फक्त ताजं ब्रेक ऑइल.

लगेच मोबाइलवर फोटो काढा, चारी बाजूंनी, जवळून. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, कुठला आकडा आतून, कुठला बाहेरून. आणि एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी बाजू म्हणजे तुमची गाइड, फक्त आरशातली. एक ड्रम उघडा असताना पेडलवर कुणी पाय ठेवता कामा नये. माझा भाचा गाडीत बसून स्टीअरिंग फिरवत होता, त्याने सहज ब्रेक दाबला आणि नव्या सिलेंडरचा पिस्टन टोपीसकट बाहेर आला, ऑइल माझ्या शर्टावर. तेव्हापासून काम चालू असताना ड्रायव्हरच्या सीटवर मी पाण्याची कळशी ठेवतो.

लायनरच्या धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा पकडीने दाबून अर्धा फेरा फिरवल्या की निघतात, वरच्या-खालच्या ओढणाऱ्या स्प्रिंगा सोडताना चष्मा घाला, त्या सुटल्या की तोंडावर येतात. हँडब्रेकची केबल लिव्हरपासून सोडवा. आता सिलेंडर समोर मोकळा आहे. पाइपचा नट पूर्ण सोडा, पाइप थोडा बाजूला सरकवा, आणि ऑइल गळत राहू नये म्हणून जुन्या निप्पलची रबरी टोपी पाइपच्या तोंडावर चढवा. एवढीशी टोपी, पण डबा रिकामा व्हायचा वाचतो. डबा रिकामा झाला तर मास्टर सिलेंडरमध्ये हवा जाते आणि मग चारही चाकांची एअर काढत बसावं लागतं. मधे मधे बोनेटमध्ये डोकावून लेव्हल बघत जा. आणि ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी मारा, ते रंग सोलून काढतं.

दोन बोल्ट काढले की जुना सिलेंडर हातात. मागचा पत्रा ब्रशने साफ करा, जिथे लायनरच्या पट्ट्या पत्र्यावर घासतात तिथे खड्डे पडलेत का बघा. सिलेंडर जिथे बसतो त्या जागेभोवती पाणी अडवणारा सीलंट पातळ लावून घ्या, पावसाळ्यात त्या फटीतून चिखल आत येतो.

आता नव्या सिलेंडरची खरी युक्ती. सिलेंडर जागेवर धरा, बोल्ट अजून लावू नका, किंवा लावलेत तर अगदी ढिले, आणि आधी पाइपचा नट हाताने सुरू करा. बोटांनी. पाना नाही. सिलेंडर हलवत राहा म्हणजे पाइप आणि भोक एका रेषेत येईल आणि नट आपोआप तीन-चार आटे आत जाईल. मग बोल्ट आवळा, मग शेवटी फ्लेअर पान्याने नट. बोल्ट आधी घट्ट केले तर पाइप तिरका राहतो, नट तिरका धरतो आणि तुम्हाला वाटतं गंज आहे म्हणून घट्ट जातोय, प्रत्यक्षात नव्या सिलेंडरचे आटे कापले जात असतात. पाच मिनिटांनी नवा माल भंगारात. नट घट्ट करताना जीव तोडायचा नाही, पाइपचं फुगवलेलं तोंड मऊ असतं, ते खोलगट बसकणीवर दाबलं जाऊन सील होतं, जास्त पिळलं तर तेच तडकतं.

लायनर बसवण्याआधी पत्र्यावरच्या घासणाऱ्या ठिकाणी ग्रीसचा नुसता ठिपका लावा, टिकलीएवढा. लायनरच्या तोंडावर बोटंसुद्धा लावू नका. दोन्ही टोकं सिलेंडरच्या पिस्टनच्या खाचेत नीट बसलीत ना, मधली ॲडजस्टरची (लायनर झिजतील तसं अंतर भरून काढणारी) पट्टी बरोबर बाजूला आहे ना, मघाचे फोटो बघून जुळवा. ॲडजस्टर पूर्ण मागे घेतलेला हवा नाहीतर नव्या लायनरवर ड्रम बसणार नाही. ड्रमची आतली भिंत क्लीनरने पुसा, खोल चरे असतील किंवा ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापेक्षा जास्त झिजला असेल तर बदला. बेअरिंग हाताने फिरवा, खडखडलं तर आत्ताच बदला, परत कोण उघडतंय. मोठा नट तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा, स्प्लिट पिन नेहमी नवी घाला, पाच रुपये वाचवायची ही जागा नाही.

आता एअर. नळी निप्पलवर, नळीचं दुसरं टोक बाटलीत, बाटलीत बोटभर ताजं ब्रेक ऑइल म्हणजे नळी बुडलेली राहते आणि हवा उलटी जात नाही. डबा वरपर्यंत भरा. आमच्याकडे पेडलवर भाची बसते, कारण ती सांगितलं तेवढंच करते. मी म्हणतो "दाब", ती दाबते आणि म्हणते "दाबलं मामा, धरलंय", मग मी निप्पल पाव फेरा सोडतो, ऑइल आणि बुडबुडे येतात, पेडल खाली जातं, ती तसंच धरून ठेवते, मी निप्पल बंद करतो आणि मग म्हणतो "सोड". बंद केल्याशिवाय सोड म्हणायचं नाही, नाहीतर हवा परत आत. दहा-पंधरा वेळा, नळीत बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत, आणि दर पाच वेळांनी डब्याची लेव्हल. मास्टर सिलेंडर उजवीकडे आहे म्हणून सगळ्यात लांबचं मागचं डावं चाक आधी, मग मागचं उजवं.

यात एक गोष्ट जुन्या गाडीवाल्यांना कुणी सांगत नाही. एरवी पेडल अर्ध्यापर्यंतच जातं, म्हणजे मास्टर सिलेंडरच्या आतले कप वर्षानुवर्षं तेवढ्याच भागात फिरलेले असतात, पुढच्या भागात गंज आणि गाळ जमलेला असतो. एअर काढताना पेडल फळीपर्यंत दणकलं की कप त्या गंजावरून जातात आणि फाटतात, आणि संध्याकाळी तुम्ही म्हणता सिलेंडर तर नवा घातला, पेडल का बसतंय. म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे ते तळाला जाणारच नाही, आणि सावकाश दाबायला सांगा. माणूस नसेल तर निप्पल उघडून नळी लावून नुसतं ठिबकू द्या, वरून डबा भरत राहा, वेळ लागतो पण निघते एअर.

आलेलं ऑइल परत डब्यात ओतू नका. आणि बाटली कालपरवाची अर्धी उघडी असेल तर तीही नको, तिने ओल प्यायलेली असते. डॉट ५ चुकूनही घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं, डॉट ३ आणि ४ मध्ये मिसळत नाही.

आता पेडल चार-पाच वेळा जोरात दाबा, ॲडजस्टर आपोआप लायनर ड्रमजवळ आणतो. ड्रम हाताने फिरवून बघा, अगदी हलकं घासल्याचा आवाज चालेल, अडखळायला नको. हँडब्रेक ओढा, किती टिकटिकीत धरतो बघा, गरज लागली तर केबल शेवटी ताणा, आधी नाही. मग इंजिन चालू करून पेडल एक मिनिट चांगलं दाबून धरा. हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर गेलाय. टॉर्च घेऊन पाइपचा नट आणि निप्पल कोरडे आहेत का बघा, टिश्यू पेपर टेकवून बघितलं की थेंबाचा थेंबही कळतो.

चाकं लावा, नट आडवे-तिडवे क्रमाने आवळा आणि गाडी जमिनीवर आल्यावर शेवटचे घट्ट करा. पहिली फेरी मोकळ्या मैदानात, दहाच्या स्पीडला, आधी हँडब्रेकने थांबते का ते बघून मग पायाने. गाडी एका बाजूला ओढत असेल तर बहुधा दोन बाजूंची ॲडजस्टमेंट सारखी झालेली नाही किंवा एखाद्या लायनरला ग्रीसचं बोट लागलंय. पेडल स्पंजासारखं लागलं तर एअर राहिलीय, परत काढा, लाजायचं काही नाही, मी डाव्या बाजूची तीनदा काढली होती. आणि सगळं बरोबर असूनही ब्रेक सोडल्यावर चाक धरून राहत असेल तर रबरी होसकडे बघा, जुना होस आतून फुगून बंद होतो, ऑइल जोराने जातं पण परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकाच्या आतल्या बाजूला परत एकदा बोट फिरवा. आठवड्याने डब्याची लेव्हल. आमच्या ८०० चं पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन कधीच संपलंय, आता दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंगला न्यावी लागते, यावेळी तिथल्या माणसाने ब्रेक मारून बघितला आणि काही न बोलता पुढच्या गाडीकडे गेला. उजव्या बाजूचा जुना नट, न मारलेला, अजून माझ्या डब्यात आहे. पाइप बदलायची वेळच आली नव्हती खरं तर, पण डाव्याच्या अनुभवानंतर मी दोन्ही नवे आणून ठेवले होते, म्हणून तोही बदलून टाकला.